बर्फात गाडी, खिशात पावती

गुलमर्गला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. स्नोमोबाइलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कितीला पडली?’ गोंडोलाच्या आसपास चार-पाच जण घेरतात, भाव होतो, घासाघीस होते, चालवणारा पुढे बसतो, आपण मागे घट्ट धरून बसतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत फोटोसकट सगळं आटोपतं. सोलांगलाही तोच प्रकार. या सगळ्यात ‘आणि काही झालं तर?’ असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर अख्ख्या ग्रुपचा मूड जातो.

कॅनडात बरोब्बर उलटं आहे, बॉस! तिथे भाव बोर्डावर लिहिलेला असतो, त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. आणि ‘काही झालं तर?’ या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी पाच पानांवर सह्या कराव्या लागतात. सह्या झाल्यावर किल्ली मिळते. थ्रिल त्यानंतर.

२०२५च्या फेब्रुवारीत मी तीन आठवडे मिसिसॉगाला आतेभावाकडे होते. दादा तिथे आयटीत, आधी ऑनसाइट म्हणून गेला आणि मग आपल्याकडचे बरेच जण करतात तसं ‘बघू दोन वर्षं’ म्हणत तिथलाच झाला. त्या महिन्यात टोरंटोवर सॉलिड बर्फ पडला. घरासमोरची गाडी शोधायलाही फावडं लागत होतं. दादाच्या डोक्यात डिसेंबरपासूनच एक कीडा वळवळत होता, ‘तू आलीस की आपण हॅलिबर्टनला जाऊन स्नोमोबाइल चालवायची. मागे बसायची नाही, चालवायची.’

हॅलिबर्टन म्हणजे टोरंटोच्या ईशान्येला तीनेक तासांवरचा तळ्यांचा आणि जंगलांचा भाग. उन्हाळ्यात शहरातली माणसं तिथे कॉटेजवर जातात, हिवाळ्यात तीच तळी गोठतात आणि गावात गाड्यांपेक्षा स्नोमोबाइल जास्त दिसायला लागतात. पेट्रोलपंपावर रांगेत एक पिक-अप, एक स्नोमोबाइल, पुन्हा एक पिक-अप. हॉटेलच्या दारात बुलेट लावावी तशा ओळीने लावलेल्या. तिथे त्यांना ‘स्लेड’ म्हणतात. जुनी मंडळी सरसकट ‘स्की-डू’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. आपण नाही का सगळ्या वनस्पती तुपाला डालडाच म्हणत होतो!

फुकटची गाडी महाग पडते

खरं तर आम्हाला गाडी फुकट मिळत होती. दादाच्या ऑफिसातल्या एका कलीगचं हॅलिबर्टनजवळ कॉटेज आहे आणि शेडमध्ये दोन स्लेड आहेत. तो म्हणाला, घेऊन जा, किल्ली खिळ्याला टांगलेली आहे. दादा खूश. ‘अगं, माणूस मनापासून देतोय. आपण भाड्याचे आठ-नऊशे डॉलर कशाला घालवायचे?’

वहिनीने एकच प्रश्न विचारला, ‘परमिट आहे का त्याच्याकडे?’

वहिनी बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. तिच्यासमोर ‘चालतंय की’ हा शब्दप्रयोग चालत नाही. आणि तिथून आमच्या तीन दिवसांच्या फोनाफोनीला सुरुवात झाली. पण मला या देशाचा सगळा फंडा त्याच तीन दिवसांत कळला.

तर परमिटची भानगड अशी. ऑन्टारिओ प्रांतात स्नोमोबाइलला रजिस्ट्रेशन लागतं, नंबर असतो, आपल्या गाडीसारखाच. पण ते झालं की कुठेही उधळा असं नाही. जंगलातून, शेतांतून, गोठलेल्या तळ्यांच्या काठाने जे आखलेले मार्ग जातात त्या ट्रेल्सवर जायचं तर वेगळं ट्रेल परमिट लागतं. ते सरकारी खात्याच्या खिडकीवर मिळत नाही. ते देते क्लबांची संघटना, ‘ऑन्टारिओ फेडरेशन ऑफ स्नोमोबाइल क्लब्ज’. प्रांतभर तीसेक हजार किलोमीटरचे मार्ग, आणि ते सांभाळणारे गावोगावचे क्लब. परमिट मात्र कायद्याने बंधनकारक, नसलं तर पोलीस दंड करू शकतात. संस्था लोकांची आणि दंडा सरकारचा, असं हे कॉम्बिनेशन आहे.

आणि हे परमिट माणसाचं नसतं, गाडीचं असतं. तुम्ही दहा वर्षं चालवत असा नाहीतर कालच पुण्याहून उतरलेले असा, त्याला फरक पडत नाही. स्लेडवर चालू हंगामाचं परमिट पाहिजे. दोन स्लेड असतील तर दोन परमिटं.

दादाच्या कलीगच्या स्लेडवर ते नव्हतं. त्याला लागतही नव्हतं, कारण तो आपल्या जागेत आणि कॉटेजसमोरच फिरतो. स्वतःच्या जमिनीवर परमिट नको, विमासुद्धा सक्तीचा नाही. पण त्याच्या कुंपणाबाहेर आम्ही पाऊल टाकलं की दोन्ही लागणार. म्हणजे फुकटची गाडी मिळाली, पण ती अंगणात गोल गोल फिरवायची.

दादा हार मानणारा नाही. ‘मग काढू की दोन दिवसांचं परमिट!’

नोव्हेंबरच्या आत, नाहीतर…

परमिटच्या दरांमागे एक मस्त हिशेब आहे. हंगामाचं परमिट जितकं लवकर घ्याल तितकं स्वस्त. आकडे हंगामागणिक सरकतात, पण रचना कळावी म्हणून २०१८-१९च्या हंगामाचं उदाहरण घ्या. १ नोव्हेंबरपर्यंत घेतलं तर १९० कॅनेडियन डॉलर, १ डिसेंबरपर्यंत २२०, त्यानंतर २७०. म्हणजे जमिनीवर बर्फाचा कणही नसताना, झाडांची पानं गळत असताना जो विश्वासाने पैसे भरतो त्याला ऐंशी डॉलरची सूट. जुन्या, १९९९ किंवा त्याआधीच्या मॉडेल्सना वेगळा कमी दर. आणि पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचं परमिट, त्या हंगामात दिवसाला ४५ डॉलर, पण कमीत कमी दोन दिवसांचं घ्यायचं.

आता तुम्ही-आम्ही लगेच गुणाकार करणार. त्या हंगामात दोन दिवसांचे नव्वद, सहा दिवसांचे २७०. म्हणजे पाहुणा सहा दिवस राहिला तर त्याने अख्ख्या हंगामाचं घेतलेलं बरं, आणि चार महिने आधी ठरवलं असतं तर पाच दिवसांतच वसूल. पण पाहुणा म्हणजे तोच ना, ज्याचं चार महिने आधी काहीही ठरत नाही! सुट्टी मंजूर होणार कधी, व्हिसा येणार कधी, तिकीट स्वस्त होणार कधी.

हे लवकर पैसे भरण्याचं गणित क्लबांना का लागतं, हे मला नंतर हॅलिबर्टनच्या एका कॉफी शॉपमध्ये कळलं. शेजारच्या टेबलावर लोकरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते, क्लबचे स्वयंसेवक. ते म्हणाले, ट्रेल म्हणजे नुसता पडलेला बर्फ नव्हे. पानगळीच्या दिवसांत पडलेली झाडं कापायची, पूल दुरुस्त करायचे, पाट्या ठोकायच्या. बर्फ पडला की ग्रूमर नावाचं ट्रॅक्टरसारखं अजस्र यंत्र रात्रभर फिरवायचं. रात्रीच का? तर थंडीत दाबलेला बर्फ सकाळपर्यंत घट्ट बसतो. दिवसा शे-दोनशे स्लेड गेल्या की तो रस्ता उंटाच्या पाठीसारखा उंचसखल होतो, म्हणून पुन्हा रात्री ग्रूमर. डिझेल, सुटे भाग, चालवणाऱ्याचा पगार. या सगळ्याचा खर्च बर्फ पडण्याआधीच सुरू होतो, आणि त्यातला मोठा हिस्सा परमिटच्या पैशांतून येतो.

आणि बर्फ पडलाच नाही तर? २०२३-२४चा हिवाळा कॅनडाच्या नोंदींमधला सगळ्यात उबदार हिवाळा ठरला. दक्षिण ऑन्टारिओत कित्येक मार्ग धड उघडलेच नाहीत. पैसे भरलेले लोक खिडकीतून पाऊस बघत बसले. परमिट म्हणजे बर्फाची गॅरंटी नव्हे, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. आजोबा म्हणाले, त्या वर्षी त्यांनी स्लेड एकदाही बाहेर काढली नाही, पण पुढच्या हंगामाचं परमिट पुन्हा नोव्हेंबरच्या आत घेतलं. मी विचारलं, राग नाही आला? त्यांनी खांदे उडवले आणि माझ्या शूजकडे बघून म्हणाले, या बुटांत तुम्ही गारठाल.

(गारठले.)

रस्ता कुणाच्या बापाचा?

सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट म्हणजे हे मार्ग बऱ्याच ठिकाणी खासगी जमिनीतून जातात. कुणाचं शेत, कुणाचं जंगल, कुणाच्या घरामागचा बांध. जमीनमालक हिवाळ्यापुरती वाट देतात, बहुतेक जण फुकट. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात आणि इथे माणूस म्हणतो, जा बाबांनो माझ्या शेतातून.

पण शेतकऱ्याच्या मनातही तोच प्रश्न असणार, ‘काही झालं तर?’ कुणी माझ्या शेतात आपटला आणि माझ्यावरच केस ठोकली तर? त्यासाठी ऑन्टारिओत ‘ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट’ नावाचा कायदा आहे. त्याचा सोपा अर्थ असा, की करमणुकीच्या अशा वाटेवर फुकट येणारा माणूस धोका स्वतःच्या डोक्यावर घेऊन येतो. मालकाने मुद्दाम घात केला नसेल, माणसांच्या जिवाबद्दल बेफिकिरी दाखवली नसेल, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. क्लबने परमिटचे पैसे घेतले म्हणून हे संरक्षण जात नाही. शिवाय फेडरेशनचा दायित्वाचा विमा असतो, तोही जमीनमालकाच्या पाठीशी उभा राहतो.

म्हणूनच पाटी सोडून शेतात शिरलात तर तो नुसता उनाडपणा राहत नाही. एक जण शिरला, गव्हाचं कोवळं पीक चिरडलं, मालक चिडला, त्याने पुढच्या वर्षी वाट बंद केली, की शंभर किलोमीटरचा मार्ग मधोमध तुटतो. फेडरेशनच्या ऑनलाइन नकाशावर प्रत्येक तुकडा हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो. हिरवा म्हणजे खुला, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद. लाल तुकड्यावर परमिट असूनही तुम्ही घुसखोर.

पॉलिसीतली बारीक अक्षरं

आता विम्याकडे येऊ. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण इथे गडबड झाली तर पुढची पाच वर्षं पगार तिकडे जाऊ शकतो.

विमा एक नसतो, तीन असतात. पहिला समोरच्यासाठी. तुमच्या हातून कुणाला इजा झाली, कुणाचं नुकसान झालं, तर त्याचा. ऑन्टारिओत स्वतःच्या जागेबाहेर स्लेड काढायची तर हा सक्तीचा आहे आणि कायद्याने किमान दोन लाख डॉलरचा. ऐकायला भरपूर वाटतो. पण उत्तर अमेरिकेत एखाद्या तरुण माणसाच्या पाठीच्या कण्याला मार बसला, तर तिथल्या कोर्टांत हा आकडा सुरुवातीलाच संपतो. म्हणून जाणकार दहा लाखांच्या खाली बघत नाहीत.

दुसरा विमा गाडीसाठी. तिसरा तुमच्या स्वतःच्या हाडांसाठी.

दादाच्या कलीगकडे पहिले दोन्ही होते. पण त्याने आपल्या ब्रोकरला फोन करून विचारलं, की माझ्या स्लेडवर भारतातून आलेली पाहुणी बसली तर चालेल का? ब्रोकरने उलट विचारलं, त्यांना स्नोमोबाइल चालवण्याचा किती वर्षांचा अनुभव आहे? कलीगने प्रामाणिकपणे सांगितलं, शून्य. फोनवर बराच वेळ शांतता होती म्हणे. मग ब्रोकर म्हणाला, लेखी विचारा, लेखी कळवतो. आणि काही झालंच तर क्लेम तुमच्या पॉलिसीवर येणार, प्रीमियम तुमचा वाढणार.

वहिनी दादाला म्हणाली, ‘तुझ्या मित्राने मोठ्या मनाने गाडी दिली, आपण त्याला वाढलेला प्रीमियम परत द्यायचा का?’ दादा गप्प. फुकटचा विषय तिथे संपला आणि भाड्याचा सुरू झाला.

माझ्या हाडांचा विमा मी पुण्याहूनच घेतला होता. कॅनडाच्या साध्या व्हिजिटर व्हिसासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्सची सक्ती नाही. तिथे स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांना मिळतो त्या सुपर व्हिसाला आहे, किमान एक लाख डॉलरचं कव्हर लागतं. माझ्यासारख्यांनी नाही घेतला तरी कुणी अडवत नाही. पण ऑन्टारिओची सरकारी आरोग्य योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्याला सगळं बिल रोख. नुसती रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स बोलावली तर परदेशी पाहुण्याला २४० डॉलर. हॉस्पिटलात राहायची वेळ आली की बिल हजारांत जातं, आणि जंगलातून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर बघायलाच नको.

निघण्याआधी मी पॉलिसीची बत्तीस पानं वाचली होती. एकोणिसाव्या पानावर सापडलं, ‘साहसी क्रीडाप्रकार वगळून’. स्नोमोबाइल साहसी की असाहसी? मी कंपनीला ई-मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, साध्या पॉलिसीत नाही, जादा प्रीमियम भरून ॲड-ऑन घ्यावं लागेल, आणि ते भारत सोडण्याआधीच. बाराशे रुपये आणखी गेले. विमानतळावर कॉफी आणि सँडविचला जवळपास तेवढेच जातात. पण ॲड-ऑनच्या अटी बघा: हेल्मेट घातलेलं असावं, वैध लायसन्स असावं, स्थानिक कायद्याचं पालन झालेलं असावं, शर्यत नसावी, मार्ग अधिकृत आणि खुला असावा.

म्हणजे माझ्याबाबतीत परमिट नसलेल्या गाडीवर बसणं किंवा लाल तुकड्यावर घुसणं, यातलं काहीही झालं असतं, तर पाय मोडल्यावर पॉलिसीही मोडली असती. परमिटकडे आपण टोलसारखं बघतो. मला ते त्या दिवसापासून विम्याच्या पहिल्या पानासारखं वाटायला लागलं. तुमच्या पॉलिसीतली भाषा वेगळी असेल, तेव्हा स्वतःची वाचा, आणि एजंटचं तोंडी ‘हो मॅडम, सगळं कव्हर आहे’ मेलवर मागून घ्या. तिथे शिकणाऱ्या मराठी पोरांसाठी आणखी एक गोष्ट. कॉलेजच्या हेल्थ प्लॅनमध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटल असतं, पण तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर त्याचं नुकसान तो प्लॅन भरत नाही. तो पहिला विमा स्लेडवरच पाहिजे.

सहा हजारांचा होल्ड

भाड्याच्या दुकानात सकाळी साडेआठला पोचलो. बाहेर उणे सतरा. काउंटरवरच्या बाईंनी माझं भारतीय लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, सोबतचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पाहिलं, मग विचारलं, कधी चालवली आहे? मी म्हटलं, ॲक्टिव्हा. त्यांना ॲक्टिव्हा माहीत नव्हती, पण दोन चाकांवर तोल सांभाळते म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

एका स्लेडचं दिवसाचं भाडं ३८० डॉलर. परमिट आणि समोरच्याचा दहा लाखांचा विमा त्यातच. सूट, हेल्मेट, बूट यांचे ४०. वर तेरा टक्के टॅक्स. डॉलरला साधारण साठ रुपये धरले तर माणशी साडेअठ्ठावीस हजार. एका दिवसाचे! तेवढ्यात गोव्याचा चार दिवसांचा वीकेंड होतो, तोही विमानाने.

पण खरी बाब पुढेच होती. गाडीला काही झालं तर पहिले तीन हजार डॉलर आमचे. प्रत्येक स्लेडमागे. ते आधीच कार्डावर अडकवून ठेवायचे. माझं फॉरेक्स कार्ड यंत्राने घेतलंच नाही, होल्डला क्रेडिट कार्डच लागतं. मग दादाचं कार्ड पुढे झालं आणि दोन स्लेडचे सहा हजार, म्हणजे आपले तीन लाख साठ हजार रुपये, एका बीपमध्ये अडकले. दिवसाला साठ डॉलर जादा दिले तर ही तीन हजारांची जबाबदारी हजारावर येत होती. दादा म्हणाला, ‘आपण हळूच चालवणार आहोत ना?’ वहिनी काहीच बोलली नाही. वहिनी काही बोलत नाही तेव्हा दादा ऐकतो. पण होल्ड पूर्णच ठेवतात, कमी होते ती जबाबदारी. म्हणजे १२० डॉलर गेले आणि सहा हजार अडकलेच.

त्यानंतर पाच पानं. मी सगळी वाचली, माझ्यामागची रांग वैतागली. मी धोके समजून घेतले आहेत. मी बर्फावरून गोठलेल्या तळ्यावर स्वतःच्या मनाने जाणार नाही. बर्फ फुटून स्लेड बुडाली तर पूर्ण किंमत माझी. ही ओळ जाड अक्षरांत होती. हॅलिबर्टनमध्ये तळी शेकड्यांनी आहेत आणि वरून सगळी सारखीच पांढरीशुभ्र आणि पक्की दिसतात. खाली प्रवाह असेल तर बर्फ पापडासारखा पातळ असतो. दरवर्षी माणसं त्यात जातात, आणि त्यात तिथेच जन्मलेली, अनुभवी माणसं असतात.

वहिनी आणि भाची गावात थांबल्या. आम्ही दोघे निघालो.

आणि मंडळी, काय सांगू! ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखाली असतो. मूठ पिळायची नाही, अंगठा दाबायचा. पहिल्या दहा मिनिटांत अंगठा दुखायला लागतो, मग हँडलचा हीटर लावायचा हे सुचतं आणि जग सुंदर होतं. मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तुम्ही पडलात की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. समोरून कुणी आलं तर हाताने सांगायचं, मागे अजून किती जण आहेत. शेवटचा असेल तो मूठ दाखवतो. मला कायम मूठच दाखवायची होती, कारण मी शेवटची होते.

ट्रेलवर वेगमर्यादा ताशी पन्नास. पन्नास म्हणजे काहीच नाही असं आपल्याला एक्स्प्रेस वेवर वाटतं. जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर, दोन्ही बाजूंनी देवदाराची झाडं अंगावर येत असताना पन्नास म्हणजे पुष्कळ. मी बहुतेक वेळ पस्तीसवर होते आणि अजिबात लाज वाटली नाही.

मार्गाचा एक मोठा भाग जुन्या रेल्वेचा. एकोणिसाव्या शतकात लिंडसेपासून हॅलिबर्टनपर्यंत व्हिक्टोरिया रेल्वे आली होती. रूळ कधीच गेले, भराव राहिला. सरळ, सपाट, तळ्यांच्या काठाकाठाने. हॅलिबर्टनचं जुनं स्टेशन आता आर्ट गॅलरी आहे. त्या भरावावरून जाताना झाडांवरचा बर्फ उन्हात भुरभुरत खाली येत होता, इंजिन बंद केलं की इतकी शांतता, की हेल्मेटच्या आतला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. कोल्ह्याची पावलं ट्रेल ओलांडून गेलेली. दादा म्हणाला, ‘बारा वर्षं या देशात आहे, पण हे आज पाहिलं.’

एका चौकात नाकाबंदी! होय, जंगलात. ऑन्टारिओत पोलिसांसोबत ट्रेलवर गस्त घालणारे खास अधिकारी असतात. इंजिन बंद करायला लावलं. परमिट पाहिलं, रजिस्ट्रेशन, विम्याचा कागद, दोघांची लायसन्स. श्वास तपासायचं यंत्रही जवळ होतं, कारण दारू पिऊन स्लेड चालवली तर कारचाच कायदा लागतो आणि कारचंच लायसन्स जातं. माझा सगळा कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वहिनीने नंबर घालून लावून दिला होता. त्या अधिकाऱ्याने पिशवी पाहिली आणि म्हणाला, आज सकाळपासूनची ही सगळ्यात नीट फाइल आहे. पुण्यातल्या कुठल्याही मामाने माझं असं कौतुक केलेलं नाही.

आमच्या पुढे दोन तरुण उभे होते, मित्राच्या स्लेड घेऊन आलेले. एकीवर परमिट नव्हतं. त्यांची पावती लिहून होईपर्यंत आम्ही थर्मासमधला चहा संपवला.

शेजारच्या घरी वेगळे नियम

ऑन्टारिओचं परमिट साधारणपणे ऑन्टारिओपुरतंच. शेजारच्या क्वेबेकमध्ये वेगळी फेडरेशन, वेगळं परमिट. पण तिथे एक छान सोय आहे, परमिटच्या पैशांतच समोरच्याचा विमा येतो, त्यामुळे पाहुण्याचं एक काम कमी होतं. वेगमर्यादाही जास्त, ताशी सत्तर. आणि का नसावी, स्नोमोबाइलचं माहेरच ते! व्हॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात गेला. रस्ते बर्फाने बंद, त्याला हॉस्पिटलात नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास त्याने आधीच घेतला होता, त्यानंतर तो सुटलाच नाही. १९५९मध्ये त्याची छोटी स्की-डू बाजारात आली. आज आपण वीकेंडला ज्यावर हुंदडतो ते यंत्र मुळात दवाखान्यात पोचण्यासाठी हवं होतं.

सीमेपलीकडे अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वेगळा संसार. न्यूयॉर्कमध्ये बाहेरून आणलेल्या स्लेडलाही तिथलं रजिस्ट्रेशन लागतं, पण स्थानिक क्लबचं सभासदत्व घेतलं तर ते बरंच स्वस्त पडतं. म्हणजे क्लबमध्ये या म्हणून सरळ आमंत्रणच. विस्कॉन्सिनने २०१५-१६पासून ट्रेल पास आणला, तेव्हा स्थानिकांना ३०, क्लबवाल्यांना १०, पाहुण्यांना ५० असे दर ठेवले. व्हरमाँटमध्ये क्लबचं सभासद व्हायचं, मार्गांच्या देखभालीची वर्गणी भरायची, आणि समोरच्याचा विमा सक्तीचा. एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्यात चालेल असं गृहीत धरून ट्रेलर सीमेपलीकडे नेऊ नका.

संध्याकाळी साडेचारला, दिवस मावळायच्या आत स्लेड परत केल्या. काउंटरवरच्या बाई टॉर्च घेऊन बाहेर आल्या. स्की, पट्टा, काच, हेडलाइट, सगळं ओणवून पाहिलं. माझ्या स्लेडच्या पुढच्या बंपरवर एक ओरखडा होता. मी मोबाइल काढला आणि सकाळी निघायच्या आधी काढलेले अठरा फोटो दाखवले. ओरखडा सकाळचाच निघाला. बाईंनी मान डोलावली आणि कागदावर टिक केली.

होल्ड मात्र लगेच सुटला नाही. ‘बँकेवर आहे,’ एवढंच उत्तर. दादा रोज सकाळी चहाआधी कार्डाचं ॲप उघडायचा. नवव्या दिवशी मी पुण्यात उतरले, फोन चालू केला, तर त्याचा मेसेज आलेला: ‘सहा हजार सुटले. पुढच्या वर्षी क्वेबेक. तुझ्या वहिनीला तू सांग.’